सॅलरी आणि मीठ: रोमन सैनिकाला पगार खरंच मिठात मिळायचा का?

अनुस्वार (धागाकर्ता)

नव्यानं कामावर रुजू झालेल्या मुलामुलींशी बोलायची वेळ गेल्या महिन्यात माझ्यावर आली. पहिला पगार नुकताच हातात पडलेला, म्हणून मी सुरुवात त्या शब्दापासूनच केली. 'सॅलरी' हा शब्द लॅटिन 'साल' म्हणजे मीठ यावरून आला, रोमन सैनिकांना पगार मिठाच्या रूपात मिळायचा, ही गोष्ट. कित्येक वर्षं मी ती सांगत आलोय. मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, "किती मीठ?"

मला सांगता येईना. रोज मूठभर? महिन्याला पोतं? आणि ते पोतं घेऊन तो सैनिक पायताण कुठून आणायचा? शोधून सांगतो म्हटलं. तेव्हापासून रोज रात्री तासभर हाच उद्योग चालू आहे. जे हाती लागलं ते इथे मांडतोय, जाणकारांनी भर घालावी.

आधी शब्द. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ. त्याला '-आरियुस' लागला की 'सालारियुस', म्हणजे मिठाचा, मिठासंबंधीचा. त्याचं नपुंसकलिंग 'सालारियुम'. मराठीत आपण नुसतं "मिठाचं" म्हणून थांबावं आणि पुढचं नाम ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं, तसा हा शब्द आहे. मिठाचं काय? पैसे? वाटप? सगळा घोळ त्या गाळलेल्या नामात आहे. पुढे फ्रेंचमार्गे तो चौदाव्या शतकात इंग्रजीत पोचला. एवढ्या भागात वाद नाही. सॅलरी आणि मीठ यांचं रक्ताचं नातं आहे.

वाद आहे तो सैनिकाचा. या गोष्टीचं मूळ शोधत गेलं की आपण थोरला प्लिनी या रोमन लेखकापाशी येऊन थांबतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला तोच हा. त्याच्या 'निसर्गेतिहास' या ३७ खंडांच्या ग्रंथात ३१ व्या खंडात मिठाचं प्रकरण आहे. त्यात तो म्हणतो की मानसन्मानात आणि सैन्याच्या नोकरीतही मिठाला स्थान आहे, 'सालारिया' हे नाव त्यावरूनच पडलं, आणि जुन्या लोकांत मिठाचं महत्त्व किती होतं ते 'व्हिया सालारिया' या रस्त्याच्या नावावरून दिसतं, कारण त्या वाटेनं रोमजवळच्या डोंगरातल्या सबाइन लोकांकडे मीठ जात असे. बस. मीठ मोजून दिलं, असं तो म्हणत नाही. मिठासाठी पैसे दिले, असंही म्हणत नाही. नाव मिठावरून पडलं, एवढंच म्हणतो. सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं असं सांगणारा एकही प्राचीन लेखक नाही.

उलट सैनिकाच्या पगाराला लॅटिनमध्ये वेगळाच शब्द होता: 'स्तिपेन्दियुम'. 'स्तिप्स' म्हणजे नाणं, वर्गणी आणि 'पेन्देरे' म्हणजे तोलणं, चुकतं करणं. इंग्रजीतला 'स्टायपेंड' तो हा. म्हणजे सैनिकाच्या पगाराचा शब्द स्टायपेंड होऊन विद्यार्थ्यांकडे गेला, आणि ज्या शब्दाला आपण सैनिक चिकटवला तो सॅलरी होऊन आपल्याकडे आला.

---

ओवी

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली. ही गोष्ट मीही मुलांना सांगितलेली आहे, आता परत जाऊन दुरुस्त करावी लागेल. पण तो पगार नाण्यांत किती होता, ते कळतं का?

---

गणितमास्तर

@ओवी, कळतं, आणि हिशेब चक्क जुळतो.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात लीजनच्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य पलटणीच्या, साध्या सैनिकाला वर्षाला २२५ देनारियुस, म्हणजे चांदीची नाणी, मिळत. (संस्कृतातला 'दीनार' याच देनारियुसपासून आलेला.) एका देनारियुसचे १६ 'अस', अस म्हणजे तांब्याचं नाणं. २२५ गुणिले १६ म्हणजे ३६०० अस. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागा, दिवसाला दहाच्या किंचित खाली येतं.

आता रोमन इतिहासकार टॅसिटस काय लिहितो बघा. इ. स. १४ मध्ये ऑगस्टस वारल्यावर पॅनोनिया या डॅन्यूबकाठच्या प्रांतातल्या सैन्यानं बंड केलं. त्यांचा पुढारी पर्केन्नियुस, पूर्वी नाटकमंडळ्यांत टाळ्यावाल्यांचा म्होरक्या होता. त्याची तक्रार अशी की आमच्या देहाची आणि जिवाची किंमत दिवसाला दहा अस लावली आहे, आणि त्यातूनच आम्ही कपडे, हत्यारं, तंबू भागवायचे. मागणी होती दिवसाला एक देनारियुस, म्हणजे सोळा अस. आकडे दोन वेगळ्या वाटांनी येतात आणि दहावर भेटतात. या सगळ्या भांडणात मिठाचा उल्लेख नाही. पगार मिठात असता तर बंडाच्या भाषणात तो यायलाच हवा होता.

---

जुनी_वही

अनुस्वार, धागा चांगला आहे, पण तुम्ही थोडी घाई केलीत असं मला वाटतं. माझ्याकडे लुइस आणि शॉर्ट यांचा लॅटिन कोश आहे, मूळ आवृत्ती १८७९ची. त्यात 'सालारियुम'ची नोंद स्पष्ट आहे: मुळात सैनिकांना मिठासाठी दिलेले पैसे, आणि नंतर भत्ता, तनखा, पगार. इतके मोठे कोशकार हवेतून लिहितील का? "मीठ दिलं" हे चूक असेल, पण "मिठासाठी पैसे दिले" हे मला पटतं.

---

अनुस्वार

@जुनी_वही, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि मी ते मूळ लेखात घालायला हवं होतं. दोन दावे वेगळे आहेत. 'पगार मिठात' याला काहीच आधार नाही. 'मिठासाठी पैसे' हा कोशकारांचा तर्क आहे. शब्दाच्या घडणीकडे बघून त्यांनी गाळलेलं नाम भरून काढलं: 'अर्गेन्तुम', म्हणजे चांदी, पैसा. तर्क म्हणून तो चांगलाच आहे. फक्त तो एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांचा तर्क आहे, रोमनांची साक्ष नाही, एवढं लक्षात ठेवून वापरावा.

---

तळटीप

कोशकारांच्या बाजूनं थोडं बोलतो, कारण त्यांच्या तर्काला आणखी बळ देता येतं. लॅटिनमध्ये याच साच्यातले आणखी शब्द आहेत.

'काल्केयुस' म्हणजे बूट, त्यावरून 'काल्केआरियुम', बुटांचे पैसे. 'क्लावुस' म्हणजे खिळा, त्यावरून 'क्लावारियुम', बुटाच्या तळाला ठोकायच्या खिळ्यांचे पैसे. टॅसिटसच्या 'इतिहासा'त सैनिक हे क्लावारियुम मागतात, आणि तो सांगतो की हे एका बक्षिसीचं नाव आहे. म्हणजे नाव खिळ्यांचं, मागणी रोख रकमेची.

बुटांच्या पैशांची गोष्ट सम्राटांची चरित्रं लिहिणाऱ्या सुएतोनियुसनं सांगितली आहे. ओस्तिया आणि पुतेओली या बंदरांतून आरमारातले लोक आळीपाळीनं पायी रोमला येत. चालून चालून बूट झिजतात म्हणून त्यांनी सम्राट व्हेस्पासियनकडे काल्केआरियुम मागितलं. त्यानं त्यांना रिकाम्या हातानं तर पाठवलंच, वर हुकूम काढला की इथून पुढे अनवाणी धावत यायचं. सुएतोनियुस लिहितो, तेव्हापासून ते तसेच धावतात.

'सालारियुम' याच कुळातला दिसतो. वस्तूचं नाव, त्यावर '-आरियुम', आणि हातात पडतात ते पैसे.

---

रानवारा

@तळटीप, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता एकदम 'भत्ता' आठवला. भत्ता आणि भात एकाच घरचे. संस्कृत 'भक्त' म्हणजे वाटून आलेलं, आणि पुढे शिजवलेलं अन्न. त्याचा प्राकृतात 'भत्त' झाला. एकीकडे तो ताटातला भात झाला, दुसरीकडे पगारपत्रकातला भत्ता. महागाई भत्ता, प्रवास भत्ता, वैद्यकीय भत्ता यांत तांदळाचा दाणा कुणी शोधत नाही. 'पोटगी'चंही तसंच. आत पोट बसलेलं आहे, मिळतात पैसे.

दोन हजार वर्षांनी कुणी म्हणालं की मराठी माणसाला प्रवासाला जाताना भात द्यायचे म्हणून त्याला प्रवास भत्ता म्हणत, तर? सालारियुमचं आपण तेच केलंय.

---

अनुस्वार

@रानवारा, त्या मुलीला आता मी हेच सांगणार. पंधरा दिवस वाचून मला जे नीट मांडता येत नव्हतं ते तुम्ही एका शब्दात दिलंत.

---

मंजिरी_म

मला एक शंका आहे. 'सोल्जर' हा शब्दही मिठावरूनच आला ना? 'साल दारे' म्हणजे मीठ देणे, त्यावरून सोल्जर, असं एका फिरत्या संदेशात वाचलं होतं.

---

तळटीप

मंजिरीताई, नाही. 'सोल्जर' आला 'सोलिदुस' या सोन्याच्या नाण्यावरून. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट कॉन्स्टंटाइननं ते पाडलं, एका रोमन पौंड सोन्यात ७२ नाणी. सोलिदुस म्हणजे भरीव, घट्ट, 'सॉलिड' तोच. नाण्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पगाराला 'सोल्द' म्हणू लागले, आणि तो घेऊन लढणारा तो सोल्जर. म्हणजे सैनिकाच्या नावात पगार आहेच, पण तो सोन्याचा.

'साल दारे' हे पाठीमागून जुळवलेलं आहे. अशा व्युत्पत्ती ओळखायची माझी एक खूण सांगतो: दोन शब्द जसेच्या तसे शेजारी ठेवून तिसरा बनत असेल आणि वर एक छानशी गोष्टही मिळत असेल, तर मी आधी मधल्या शतकांतली रूपं मागतो. सोलिदुस ते सोल्जर या वाटेवरची रूपं एकेक करून दाखवता येतात. 'साल दारे'च्या वाटेवर एकही नाही.

---

शिलेदार_११

पण त्या काळी मीठ सोन्याच्या भावानं विकलं जायचं असं वाचलंय. मग पगार म्हणून द्यायला काय हरकत होती?

---

गणितमास्तर

@शिलेदार_११, भाव उपलब्ध आहेत. इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियननं वस्तूंच्या कमाल किमती ठरवणारा हुकूम काढला आणि तो ठिकठिकाणी दगडांवर कोरला गेला. त्यात गव्हाच्या एका मापाला १०० देनारियुस, आणि मिठाच्याही त्याच मापाला १०० देनारियुस. मीठ गव्हाच्या भावानं. सोनं कुठल्या कुठे. (हे देनारियुस तोवर फार घसरलेले होते, ऑगस्टसच्या २२५शी त्यांची तुलना करू नका. एका यादीतल्या दोन वस्तूंची एकमेकींशी केलेली तुलना मात्र चालते.)

मीठ मोलाचं होतं ते दुर्मिळ म्हणून नाही, तर कुणाचंच त्याशिवाय भागत नव्हतं म्हणून. मांस, मासे, चीज टिकवायचं तर मीठ लागणार. रोमच्या टायबर नदीच्या मुखाशी, ओस्तियाजवळ मिठागरं होती, तिथून ते डोंगराकडे जाई.

---

जुनी_वही

मुखाशी मिठागरं आणि रोमपासून ईशान्येला डोंगरात शिरणारा तो रस्ता, व्हिया सालारिया. रेआते, म्हणजे आजचं रिएती, मग आस्कुलुम, आणि शेवटी एड्रियाटिक समुद्र. आजही इटलीतल्या त्या राष्ट्रीय मार्गाचं, चार क्रमांकाच्या, नाव सालारियाच आहे. मिठाच्या रस्त्याचं नाव पुसलं गेलं नाही. मिठाच्या पगाराला मात्र आपण पुरावा शोधत बसलोय.

बरं, 'सालारियुम' नक्की मिळायचं कुणाला, याबद्दल कुणी बोललं नाही. मी जेवढं पाहिलं त्यात ते वरच्या लोकांना मिळताना दिसतं. सम्राट नीरोनं गरिबीत आलेल्या खानदानी सिनेटरांना वार्षिक सालारियुम बांधून दिलं, काहींना पाच लाख सेस्तेर्तियुसपर्यंत (चार सेस्तेर्तियुसचा एक देनारियुस). सम्राट टायबेरियस आपल्याबरोबर प्रवासाला येणाऱ्यांना सालारियुम देत नसे, फक्त शिधा देई. आणि टॅसिटसच्या सासऱ्याला, आग्रिकोलाला, प्रांताधिपतीला रिवाजानं देऊ करायचं सालारियुम सम्राट डोमिशियननं दिलं नाही, हा सल त्यानं चरित्रात नोंदवून ठेवलाय. या तिन्ही ठिकाणी साधा सैनिक कुठेच नाही.

---

अनुस्वार

टायबेरियसचं उदाहरण अगदी मोक्याचं आहे. एकाच वाक्यात सालारियुम वेगळं आणि शिधा वेगळा. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, सुएतोनियुसनं हे लिहिलं तेव्हा, हा शब्द खाण्यापिण्याच्या वस्तूपासून इतका सुटलेला होता की त्याला शिध्याच्या विरुद्ध बाजूला ठेवता येत होतं.

---

ओवी

मला एक विचारायचंय. आपल्याकडे 'मिठाला जागणे' आहे, 'खाल्ल्या मिठाला' म्हणतात, नमकहराम आहे. नोकरी आणि मीठ यांचा संबंध आपल्याही भाषेत आहेच की. मग तिकडे नसेल असं कशावरून?

---

अनुस्वार

ओवीताई, मी ही गोष्ट इतकी वर्षं न तपासता का सांगत राहिलो याचं उत्तर बहुतेक यातच आहे. आपल्या कानाला ती आधीच ओळखीची वाटते. पण आपला वाक्प्रचार नीट ऐका: *खाल्ल्या* मिठाला जागायचं. ते मीठ धन्याच्या घरी ताटात वाढलेलं आहे, मोजून हातात ठेवलेलं नाही. त्या जेवणाचं ऋण पगार घेऊन फिटत नाही, म्हणून तर त्याला जागावं लागतं. पगाराची भावना नेमकी उलट, काम केलं, पैसे घेतले, हिशेब चुकता. या दोन भावनांची मी इतके दिवस गल्लत करत होतो.

---

रानवारा

हिशेब चुकता करण्यावरून, थोडं अवांतर. आपण इथे 'सॅलरी'चं लॅटिन मूळ शोधतोय आणि 'पगार' हा शब्द आपलाच समजून सारखा वापरतोय. पगारही लॅटिनच आहे! पोर्तुगीज 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. तो लॅटिन 'पाकारे'पासून, म्हणजे शांत करणे. 'पाक्स', म्हणजे शांतता, त्याचं मूळ. देणं असलेला माणूस दारात उभा राहतो, त्याला शांत करायचं ते पैसे देऊन. फ्रेंचमार्गे त्याच 'पाकारे'चा इंग्रजीत 'पे' झाला. म्हणजे 'पे' आणि 'पगार' ही सख्खी भावंडं. 'चावी'ही तशीच पोर्तुगिजांकडून आली, लॅटिन 'क्लाविस'पासून.

त्याआधीचे आपले शब्द पाहा: दरमहा, मुशाहिरा, रोजमुरा. मुशाहिऱ्यात अरबी 'शह्र' म्हणजे महिना (राहायचं शहर निराळं, ते फारसी). या शब्दांत वस्तू नाही, शांतताही नाही, आहे तो काळ. महिना भरला, पैसे द्या.

---

मंजिरी_म

पगारात शांतता! हे आयुष्यभर लक्षात राहील.

---

तळटीप

अवांतराला अवांतर जोडतो, पण ते मिठाचंच आहे. लॅटिनमध्ये 'साल'चा आणखी एक अर्थ आहे: चतुराई, खुमारी. कातुल्लुस नावाच्या कवीची, इ. स. पूर्व पहिल्या शतकातली, एक छोटी कविता आहे. क्विंतिया नावाच्या बाईला लोक सुंदर म्हणतात. कवी म्हणतो, गोरी आहे, उंच आहे, बांधा सरळ आहे, हे एकेक मला मान्य. पण सगळं मिळून सुंदर? नाही. एवढ्या मोठ्या देहात मिठाचा एक कण नाही.

आपल्याकडे 'लावण्य' कशावरून आलं? 'लवण'. मीठ. खारटपणा ते सौंदर्य.

---

जुनी_वही

@तळटीप, तुम्ही काय आणून ठेवलंत! नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'त हेच म्हणतो. थोर कवींच्या वाणीत शब्दार्थापलीकडची एक गोष्ट असते. ती कशी? तर 'प्रसिद्धावयवातिरिक्तं विभाति लावण्यमिवाङ्गनासु'. डोळे, नाक, बांधा अशा एकेक अवयवाहून निराळं, स्त्रीच्या ठिकाणी झळकणारं लावण्य असतं तशी. कातुल्लुस अवयव मोजून म्हणतो की मीठ नाही. आनंदवर्धन म्हणतो, अवयवांच्या पलीकडे जे उरतं ते लावण्य. एकानं दुसऱ्याला वाचलेलं नाही, मध्ये नऊशे वर्षं. दोघांच्या जिभेवर मीठ तेवढं एक.

पगारापेक्षा मला मिठाची ही वाट जास्त खरी वाटते. सगळं ताटात आहे आणि तरी काहीतरी नाही, हे ज्यानं अळणी घास खाल्लाय त्याला कुठल्याही भाषेत सांगावं लागत नाही.

---

ओवी

हा प्रतिसाद मी दोनदा वाचला.

---

अनुस्वार

सर्वांचे मनापासून आभार. काल ती मुलगी भेटली. तिला सांगितलं: मीठ नाही, दिवसाला दहा अस, आणि त्यातून कपडे, हत्यारं, तंबू वजा. शब्दात मीठ आहे, जसा भत्त्यात भात आहे. तिनं लक्षपूर्वक ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "बरं, मग एका असमध्ये मीठ किती यायचं?"

घरी येऊन रोमन इतिहासकार लिव्ही काढला. त्याच्या २९ व्या खंडात इ. स. पूर्व २०४ ची हकीकत आहे. सेन्सॉर, म्हणजे जनगणना आणि महसूल पाहणारा अधिकारी, मार्कुस लिव्हियुसनं मिठाच्या विक्रीवर नवी पट्टी बसवली, आणि लोकांनी त्याचं नावच 'सालिनातोर', मिठवाला, पाडलं. त्याआधी रोममध्ये आणि सगळ्या इटलीत मिठाचा भाव एक 'सेक्स्तान्स' होता, असं लिव्ही सांगतो. सेक्स्तान्स म्हणजे असचा सहावा हिस्सा. तो किती मिठाचा, ते माप मात्र त्यानं लिहिलेलं नाही. मी तिला तेवढंच कळवलंय.